जाहीर नोटिसांचं विश्लेषण: एम.ए. प्रोजेक्टच्या नोंदी

८ जुलै

विषय ठरला एकदाचा. भाषाशास्त्राच्या एम.ए.ला आमचा एक पेपर आहे, त्यात एखाद्या धंद्यातला किंवा खात्यातला मजकूर घ्यायचा आणि तो तसाच का लिहिला जातो हे शोधायचं. थिअरी कमी, प्रोजेक्ट जास्त. बाकीच्या ग्रुपांनी औषधांच्या डब्यातली पत्रकं, शेअर बाजाराच्या बातम्या वगैरे उचलल्या. आम्ही तिघांनी पेपरात येणाऱ्या जमीन-फ्लॅटच्या जाहीर नोटिसा घेतल्या, त्या "तमाम जनतेस कळविण्यात येते की" वाल्या. कारणं सरळ होती, छोट्या असतात, रोज येतात, आणि फुकट मिळतात असं वाटलं.

ग्रुपमध्ये मी, एक कम्प्युटर इंजिनिअर जो नोकरी सोडून भाषाशास्त्राला आलाय, आणि एक ताई, ज्यांची एलएल.बी. झालीय पण प्रॅक्टिस करत नाहीत. या नोंदी ठेवतोय कारण मागच्या बॅचला विचारलं तर सगळे फक्त "फायनल रिपोर्ट बघा" म्हणतात आणि फायनल रिपोर्टमध्ये सगळं पहिल्या दिवसापासून सुरळीत चाललं होतं असंच लिहिलेलं असतं.

१६ जुलै

गोळा करणं. पहिल्यांदा ई-पेपरचे स्क्रीनशॉट घेतले. वाया गेले. नोटिशीचा टाईप इतका बारीक असतो की झूम केलं की अक्षरं फुटतात, अनुस्वार आणि कागदावरची घाण यात फरक राहत नाही. काही पेपरांच्या पीडीएफमधून मजकूर सिलेक्ट होतो म्हणून आनंद झाला होता, पण पेस्ट केलं की सगळा इंग्रजी अक्षरांचा कचरा, कारण फॉन्ट युनिकोड नाही.

मग रद्दी. सदाशिव पेठेतल्या रद्दीवाल्यांना सांगितलं की आम्हाला फक्त नोटिसांची पानं हवीत, बाकीचा पेपर परत देतो. ते म्हणाले, "पानं काढून घेणार असाल तर किलोनी घ्या, वाचून परत देणार असाल तर लायब्ररीत जा." बरोबर बोलले. किलोनी घेतली. बरेचसे अंक आठवड्याच्या मधलेच निघाले कारण रविवारचे लोक घरात ठेवतात वाटतं.

हे करणार असाल तर कात्री लावण्याआधी कात्रणाच्या मागे पेपरचं नाव आणि तारीख पेनाने लिहा. आमच्या पहिल्या गठ्ठ्यावर ते लिहिलेलं नव्हतं आणि तो अख्खा गठ्ठा बाद करावा लागला, कारण तारीख नसलेलं कात्रण या पेपरच्या आमच्या मॅडम कॉर्पसमध्ये, म्हणजे अभ्यासासाठी जमवलेल्या मजकुराच्या संचात, घेऊ देत नाहीत. दोन दिवसांची कात्रकात्री गेली.

२६ जुलै

पाऊस एवढा की कोणी कोणाकडे जाऊ शकलं नाही, ज्याने त्याने आपापल्या घरी स्कॅनिंग केलं. फोनने फोटो काढून टेसेरॅक्टमधून काढले. हे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारं (ओसीआर) सॉफ्टवेअर, त्यात मराठीचं मॉडेल आहे, फुकट आहे. साफ छापलेल्या पानावर चांगलं चालतं, पण आमची कात्रणं म्हणजे मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली. घ चा ध, भ चा म, ख चा रव, १ चा ९. आकडे चुकले तर आम्हाला तसा फरक पडत नाही कारण गट नंबर नाहीतरी काढूनच टाकायचेत, पण "घर" चं "धर" झालं की शोधात ते सापडतच नाही.

दोन गोष्टींनी सुधारणा झाली. एक म्हणजे कात्रणामागे काळा कागद ठेवून फोटो काढायचा, मग मागची छपाई दिसत नाही. दुसरं म्हणजे एका वेळी एकच कॉलम द्यायचा, नाहीतर शेजारच्या नोटिशीची ओळ हिच्यात घुसते आणि कोथरूडचा फ्लॅट मौजे अमुकच्या शेतजमिनीत जाऊन बसतो. तरीही प्रत्येक नोटीस शेवटी हाताने तपासावी लागली. वेळ कुठे गेला विचाराल तर इथे. विश्लेषण ज्याला म्हणतात ते सुरू पण झालेलं नाही अजून.

५ ऑगस्ट

इंजिनिअरने ॲंटकाँकमध्ये फाईली टाकल्या. हे लॉरेन्स अँथनी नावाच्या, जपानमध्ये वासेदा विद्यापीठात शिकवणाऱ्या माणसाने केलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, शब्दांची यादी, कोणता शब्द कोणाशेजारी येतो, हे सगळं दाखवतं. शब्दांची यादी काढली तर सगळ्यात वर "म", "न", "ट", "स". आम्हाला वाटलं ओसीआर बिघडलंय, परत सगळं तपासलं, एक संध्याकाळ त्यात गेली.

ओसीआर ठीक होतं. सॉफ्टवेअर शब्द कुठे संपतो हे अक्षरांवरून ठरवतं आणि युनिकोडमध्ये आपली काना-मात्रा-वेलांटी "अक्षर" म्हणून धरलेली नाही, तिला "मार्क" म्हणतात. त्यामुळे वेलांटी आली की शब्द संपला. "मिळकत" चे दोन तुकडे, "म" आणि "ळकत". "नोटीस" चे तीन. उपाय म्हणजे कॉर्पस बनवताना टोकन डेफिनिशनमध्ये (शब्द कशाला धरायचा त्या सेटिंगमध्ये) लेटरबरोबर मार्कपण धरायचं. नंतर बदलून उपयोग नाही, कॉर्पस परत नव्याने बनवावा लागतो.

एवढं करूनही "असणार्‍या", "राहणार्‍या" असले शब्द तुटतच राहिले. तो रफाराचा आडवा र दोन पद्धतीने टाईप होतो, डोळ्याला एकच दिसतो, पण एका पद्धतीत मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं आणि ते अक्षरही नाही आणि मार्कही नाही. आमच्या तिघांचे कीबोर्ड तीन. ताई जुन्या सवयीच्या लेआउटवर टाईप करतात, त्यांनी दुरुस्त केलेल्या फाईली तुटायच्या, माझ्या नाही. इंजिनिअरने सगळीकडे एकच पद्धत करून टाकली. सुरुवातीलाच करा हे.

१३ ऑगस्ट

आता यादी बरी दिसते. पण चार-चार शब्दांचे गट काढल्यावर काही गट भलतेच जास्त आले. बघितलं तर एकच नोटीस दोन पेपरांत छापलेली, आम्ही दोन्ही घेतलेल्या. त्या काढल्या.

मग अजून एक भानगड. सोसायटीच्या मयत सभासदाच्या शेअर्सबद्दलच्या नोटिसा आम्ही सरसकट घेतल्या होत्या. त्या आदर्श उपविधींमधल्या ठरलेल्या नमुन्यावरून उतरवतात, त्यामुळे शब्दन्शब्द सारख्या असतात आणि वकिलांच्या नोटिसांच्या आकडेवारीवर बसतात. त्या वेगळ्या फोल्डरला टाकल्या. नाव बदलल्याच्या जाहिरातीपण गेल्या. कॉर्पस निम्म्यावर आला, पण आता त्यात एकाच प्रकारचा मजकूर आहे, वकिलाने अशिलातर्फे दिलेली, मिळकत विकत घेण्याआधीची नोटीस.

२० ऑगस्ट

मॅडमसमोर पहिलं प्रेझेंटेशन, जे आपटलं.

आम्ही विकिपीडियावरच्या मराठी लेखांशी तुलना करून नोटिशींचे खास शब्द काढले होते. सदर, मिळकत, अशील, हरकत, वहिवाट, निर्वेध, बोजा. रंगीत तक्ता केला होता. मॅडमनी तो शांतपणे बघितला आणि म्हणाल्या, "हे सांगायला सॉफ्टवेअर कशाला लागतं? माझ्या आईला विचारलं असतं तरी तिने हेच शब्द सांगितले असते." मग त्यांनी एक नोटीस मोठ्याने वाचायला लावली आणि प्रत्येक अर्धविरामापाशी थांबवून विचारलं, हे कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय, आणि हे काढलं तर काय बिघडेल. पहिल्या दोनांची उत्तरं कशीबशी दिली. तिसऱ्याला आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय.

बाहेर आल्यावर इंजिनिअर म्हणाला, महिना फुकट. मला नाही वाटत तसं, स्वच्छ मजकूर हातात आहे ना.

२८ ऑगस्ट

विद्यापीठाच्या जयकर लायब्ररीत बसून वाचलं. दोन पुस्तकं कामाची, जॉन स्वेल्सचं १९९० चं आणि विजय भाटियांचं १९९३ चं. स्वेल्सने शोधनिबंधांच्या प्रस्तावना घेऊन दाखवलं की त्या ठराविक टप्प्यांनी जातात, आधी विषयाचं मैदान आखायचं, मग त्यात मोकळी जागा दाखवायची, मग ती आपण भरतोय म्हणायचं. या टप्प्यांना मूव्ह म्हणतात. भाटियांनी हीच पद्धत विक्रीपत्रं, नोकरीचे अर्ज आणि कायद्याच्या मजकुरापर्यंत नेली. पूर्ण वाचत बसू नका, उदाहरणं सोडवलेली प्रकरणं वाचा.

आम्ही आमच्या सात मूव्ह ठरवल्या: जनतेला साद, मिळकतीचं वर्णन, मालकी कोणाची, व्यवहार काय होतोय, हरकत घ्या आणि किती दिवसांत, नाही घेतली तर काय, आणि वकिलाची सही-पत्ता. कागदावर छान दिसतं.

४ सप्टेंबर

कागदावरच छान दिसत होतं. तिघांनी त्याच नोटिसा वेगवेगळ्या बसून मार्क केल्या आणि जुळवून बघितलं तर मधल्या भागात नुसती मारामारी. पहिला प्रश्न तुकडा कुठे पाडायचा. एक नोटीस म्हणजे दीडशे शब्दांचं एकच वाक्य, "असून", "असल्याने", "तरी" यांनी जोडलेलं. वाक्य हे एकक धरलं तर अख्खी नोटीस एक तुकडा. शेवटी क्रियापद संपेल तिथे तोडायचं ठरलं, "असून" ला पण.

दुसरा वाद या ओळीवर: "सदरची मिळकत निर्वेध व बोजारहित असल्याचा भरवसा व खात्री मालकांनी आमचे अशिलांस दिलेली आहे." म्हणजे मिळकतीवर कोणाचं कर्ज किंवा दावा नाही असं मालक सांगतात. मी याला मालकीची मूव्ह म्हणलं. इंजिनिअरने व्यवहाराची. ताईंनी दोन्हीत न टाकता बाजूला ठेवली आणि लिहिलं, "वकील हात झटकतोय".

जुळणी टक्क्यांत मोजली तर भरपूर आली. पण मॅडम म्हणाल्या टक्के नकोत, कोहेनचा कापा (kappa, दोघांची जुळणी मोजायचा आकडा) काढा, १९६० पासून लोक तोच काढतात. त्यात नुसत्या योगायोगाने जेवढं जुळलं असतं ते वजा होतं. समजा दहापैकी आठ तुकडे जुळले आणि डोळे झाकून लेबलं लावली असती तरी पाच जुळले असते, तर ०.८ वजा ०.५, भागिले १ वजा ०.५, म्हणजे ०.६. आमचा त्याहून कमी आला. आमचे टक्के फुगलेले होते कारण मिळकतीच्या वर्णनाचे तुकडे ढिगाने असतात आणि ते शाळेतलं पोरगंही ओळखेल. हा कापा दोघांतच निघतो, त्यामुळे जोडी-जोडीने तीनदा काढायचा.

१२ सप्टेंबर

गणपती. काही झालं नाही. लक्ष्मी रोडच्या पलीकडे राहणाऱ्या माणसाकडून या दिवसांत कामाची अपेक्षा ठेवू नये.

२० सप्टेंबर

आजची नोंद मोठी आहे.

ताईंच्या ओळखीने शिवाजीनगर कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात गेलो. वकीलसाहेब बिझी, त्यांनी आम्हाला त्यांच्या टायपिस्ट काकांकडे पाठवलं, आणि ते बरंच झालं, कारण नोटिसा काकाच लिहितात. साहेब फक्त सही करतात आणि एखादा शब्द बदलतात. काकांनी कम्प्युटरवर फोल्डर उघडून दाखवला. नवीन नोटीस कोरी लिहिलीच जात नाही. जवळपास तशी जुनी फाईल उघडायची, नावं बदलायची, मिळकतीचं वर्णन जुन्या खरेदीखतावरून जसंच्या तसं उतरवायचं. "वर्णनाला हात लावायचा नाही. शुद्धलेखन चुकलं असलं तरी नाही. दस्तात जे आहे तेच पाहिजे, नाहीतर मिळकत वेगळी होते."

आम्ही त्यांना आमच्याकडची एक नोटीस दाखवली, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची, जिच्यात वर्णनाच्या शेवटी "त्यातील दगड, माती, झाडझाडोरा, निधी-निक्षेपासह" असं होतं. आम्ही यावर अर्धं पान लिहून ठेवलं होतं, भाषेतली परंपरा वगैरे. काका हसायलाच लागले. "अहो ही शेतजमिनीची फाईल उघडली असणार कोणीतरी, खालचं काढायचं राहिलं." अर्धं पान गेलं. पण खरं सांगायचं तर त्याऐवजी मिळालं ते जास्त कामाचं, नोटीस कशावरून कॉपी झाली याचा तो पुरावाच आहे.

मग मी विचारलं, काका एवढं लांबच लांब वाक्य का?

"पेपरवाले जागेचे पैसे लावतात ताई. परिच्छेद पाडला की जागा जाते. म्हणून सगळं एकापाठोपाठ एक ठोकायचं, स.नं., हि.नं., क्षेत्र, सगळं आखूड करायचं."

आम्ही महिनाभर त्या लांब वाक्याचं कारण कायद्याच्या भाषेत शोधत होतो. भाटियांनी कायद्यातल्या लांब वाक्यांबद्दल जे लिहिलंय, की अटी आणि अपवाद सगळे एकाच वाक्यात कोंबावे लागतात म्हणजे पळवाट राहत नाही, तेही इथे आहेच. पण जाहिरातीचा दरही आहे आणि तो कुठल्या पुस्तकात नाही मिळणार.

शेवटचं विचारलं, ही नोटीस वाचतं कोण? तमाम जनता?

"जनता कशाला वाचतीय. कात्रण फाईलला लागतं. बँक लोन देताना सर्च रिपोर्ट मागते, म्हणजे मिळकतीचे मागचे व्यवहार तपासलेला, तीस वर्षांचा सर्च काढतो, त्याला हे कात्रण जोडायचं, हरकत आली नाही असं लिहायचं. झालं." मग थोडं थांबून म्हणाले, "पण भाऊबंदकी असली ना, की बरोबर वाचतात. मुळशीकडून फोन येतो, आमची सही नाय घेतली म्हणून."

परत येताना ताईंनी कायद्याची बाजू समजावली. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ३ मध्ये आहे की घेणाऱ्याने मुद्दाम चौकशी टाळली किंवा घोर निष्काळजीपणा केला तर त्याला माहीत होतंच असं धरतात. कलम ४१ मध्ये नुसत्या दिसणाऱ्या मालकाकडून विकत घेणाऱ्याने वाजवी काळजी घेतलेली असली पाहिजे. त्यामुळे "चौदा दिवसांत हरकत न आल्यास कोणाचाही हक्क नाही व असल्यास तो सोडून दिला आहे असे समजण्यात येईल" हे कितीही धमकीसारखं वाटलं तरी नुसत्या पेपरातल्या नोटिशीने खऱ्या वारसाचा हक्क उडत नाही. ते वाक्य उद्या कोर्टात "आम्ही विचारलं होतं" म्हणायला लिहिलेलं आहे.

मॅडमचा तिसरा प्रश्न, काढलं तर काय बिघडेल, त्याचं उत्तर हे.

३० सप्टेंबर

सगळं परत मार्क केलं. मूव्हची नावं आता मजकूर काय सांगतो यावरून न देता तो तुकडा कोणासाठी काय काम करतो यावरून दिली. "नाही घेतली तर काय" ही धमकीची मूव्ह आता "चौकशी केल्याचा पुरावा". भरवशाच्या ओळीला स्वतंत्र मूव्ह मिळाली, "जबाबदारी मालकावर ठेवणे", ताईंचं हात झटकणं म्हणजे हेच, फक्त कपडे घालून. साद आणि सही एकत्र केल्या नाहीत, मोह झाला होता.

प्रत्येक मूव्हला दोन वाचक लिहिले, वरवरचा आणि खरा. सादेला वरवरचा वाचक तमाम जनता, खरा वाचक फाईल बघणारा बँकेचा वकील. हरकतीच्या आवाहनाला मात्र खरा वाचक भाऊबंद, म्हणून तिथेच मुदत, पत्ता, "मूळ कागदपत्रांसह" असली नेमकी भाषा सापडते, बाकी ठिकाणी सगळं ढोबळ. हे एकदा बघितल्यावर नोटीस वेगळी दिसायला लागते.

कापा परत काढला, तिन्ही जोड्यांचा चांगला वर गेला. वाद राहिले ते मुख्यतः तुकडा कुठे तोडायचा यावर, त्याला कोणती मूव्ह म्हणायचं यावर नाही. टीप: मार्किंगसाठी साध्या एक्सेल शीटमध्ये एका ओळीत एक तुकडा ठेवा. आम्ही वर्डमध्ये रंग लावून सुरुवात केली होती, आणि रंग मोजता येत नाहीत.

१५ ऑक्टोबर

लेखन. दोन गोष्टी काढाव्या लागल्या. एक म्हणजे फारसीतून आलेल्या शब्दांवरचं माझं प्रकरण. शिवकाळातला राज्यव्यवहारकोश, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, १९६४ चा राजभाषा अधिनियम, सगळं आणलं होतं. मॅडमनी पेन्सिलने आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "छान आहे, पण दुसऱ्या पेपरचं आहे". जरा लागलं मनाला. त्या म्हणतात ते बरोबर होतं, नोटिशीत ते शब्द जुने आहेत म्हणून येत नाहीत, मागच्या फाईलीत होते म्हणून येतात.

दुसरं, परिशिष्ट. छापून आलंय तर वापरायला काय हरकत असं इंजिनिअरचं म्हणणं. पण आम्ही एकेका माणसाच्या घराचा गट नंबर, बापाचं नाव, भाऊ किती, हे सगळं एका जागी गोळा करून देत होतो. नावं, पत्ते, नंबर सगळे काढले, जागी "क्ष", "य" टाकले. "रिप्लेस ऑल" एका झटक्यात केल्यामुळे काही ठिकाणी "पूर्वेस क्ष यांची मिळकत, पश्चिमेस क्ष यांची मिळकत" असं झालं, ते हाताने सुधारलं. हे कामही स्कॅनिंगच्या वेळीच करून टाकायचं.

११ नोव्हेंबर

व्हायवा झाली. खर्च तिघांत मिळून हजाराच्या आतबाहेर: रद्दी, झेरॉक्स, बाइंडिंग, आणि कोर्टाजवळचा चहा, जो काकांनी आम्हाला एकदाही देऊ दिला नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आकड्यांचं काही विचारलं नाही. त्यांनी काकांबद्दलच विचारलं, एकाच ऑफिसातल्या एका माणसाचं ऐकून सगळ्या नोटिसांबद्दल कसं बोलता? आम्ही म्हणलं, मूव्हचा क्रम पेपरांतल्या सगळ्या नोटिसांत दिसतो, कारणं मात्र एका ऑफिसातली आहेत. त्यांनी रिपोर्टमध्ये तसंच स्पष्ट लिहायला सांगितलं आणि अजून दोन-तीन ऑफिसं करा म्हणाले, शक्यतो एक तालुक्याच्या ठिकाणचं. दुरुस्ती करून द्यायला पुढच्या सोमवारपर्यंत वेळ आहे. ताईंनी सासवडला फोन लावलाय. पुढच्या बॅचपैकी कोणाला कॉर्पस हवा असेल तर नावं काढलेली प्रत मॅडमकडे आहे, सोसायटीच्या नोटिसांचं फोल्डर त्यातच वेगळं ठेवलंय, त्याला अजून कोणी हात लावलेला नाही.